कॉलबॅक मध्येच मरतो? आधी घड्याळ लावा

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "सुरुवातीला चालतं, मग बंद पडतं." ब्राउझरने सर्व्हरवरची मेथड कॉल केली की उत्तर पटकन येतं. सर्व्हरने ब्राउझरमधली मेथड कॉल केली (यालाच इथे कॉलबॅक म्हणतोय) तर मात्र कधी पोहोचते, कधी वाटेतच हरवते. पान रिफ्रेश केलं की पुन्हा सगळं सुरळीत. आणि ज्याने कोड लिहिला त्याच्या मशीनवर हे दिवसभरात एकदाही घडत नाही. मग लॉग वाढवले जातात, लायब्ररी बदलली जाते, नेटवर्क सांभाळणाऱ्यांना मेल जातो. ते म्हणतात, "आम्ही काहीच अडवलेलं नाही." बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात.

हा प्रकार इतक्यांदा पाहिला आहे की "एरर काय आली?" हे मी आता विचारतच नाही. विचारतो, "किती सेकंदांनी बंद पडलं?" यावर "असंच, मिनिटभराने" हे उत्तर मला चालत नाही. ६० सेकंद की ७५? ४ मिनिटं की ६? वाटेतल्या प्रत्येक उपकरणाचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि तुटण्याचा आकडा नीट मोजला की कुणाच्या घड्याळाने घात केला ते बऱ्याचदा तिथेच उघड होतं.

मोजण्याची रीत साधी आहे. सर्व्हरवर एक चाचणी मेथड लिहा, जी ब्राउझरला वाढत्या अंतराने कॉल करेल: पहिल्या कॉलनंतर २५ सेकंदांनी दुसरा, मग ५५ सेकंदांनी, मग ६५, १३०, २५०, ३६०, ६२० अशी चढती शिडी. बाकी सगळा हार्टबीट (कनेक्शन जिवंत ठेवायला ठरावीक वेळाने जाणारे छोटे संदेश) बंद ठेवा, पानाला हात लावू नका. जो कॉल पोहोचत नाही त्याच्या आधीची शांतता किती होती ते लिहून ठेवा. तीनदा करा. तिन्ही वेळा एकाच पायरीवर अडखळलं तर ते कुणाचं तरी टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर कनेक्शन सोडून देण्याची मर्यादा, आहे, यात शंका नको. आकडे वेगवेगळे आले तर टाइमआउटचा नाद सोडून सरळ खाली "जेव्हा फायरवॉल निर्दोष असते" या भागाकडे या.

शिडी झाली की उलट चाचणीही करा: दर १० सेकंदांनी कॉल, न थांबता. तरीही ठरावीक वेळेला तुटत असेल तर शांततेचा प्रश्नच नाही; कुणीतरी कनेक्शनच्या एकूण आयुष्यावर मर्यादा घातली आहे. या दोन प्रकारांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि लोक दोन्हींची गल्लत करून आठवडे घालवतात.

सर्व्हर हाक मारतच नाही

आपण म्हणतो खरं की सर्व्हर ब्राउझरला कॉल करतो. प्रत्यक्षात बाहेरचा सर्व्हर आतल्या ब्राउझरकडे नवं कनेक्शन उघडूच शकत नाही. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी, आतून बाहेर निघालेलं कनेक्शन जाऊ देते, त्याची नोंद आपल्या टेबलात ठेवते, आणि त्या नोंदीशी जुळणारी परतीची पॅकेटं आत घेते. बाहेरून नव्याने दार ठोठावणारं पॅकेट टाकून दिलं जातं. त्यामुळे कॉलबॅक म्हणजे ब्राउझरने आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनवरून उलट दिशेने पाठवलेला निरोप. टेबलातली नोंद आहे तोवर वाट आहे. नोंद पुसली गेली की वाट गेली, आणि ती पुसल्याचं कुणी कुणाला कळवत नाही.

जावा आरएमआयवर (दुसऱ्या मशीनवरच्या जावा ऑब्जेक्टची मेथड कॉल करण्याची सोय) काम केलेल्यांना हे कडू अनुभवाने माहीत आहे. तिथे ॲपलेट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा जावा प्रोग्राम) स्वतःचं ऑब्जेक्ट एक्सपोर्ट करून त्याचा स्टब, म्हणजे त्याच्यापर्यंत पोहोचवणारा प्रतिनिधी, सर्व्हरला देई. त्या स्टबमध्ये क्लायंटचा आयपी पत्ता आणि पोर्ट असे. सर्व्हर भोळेपणाने त्या पत्त्यावर नवं कनेक्शन उघडायला जाई, आणि पत्ता असे १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी किंवा चक्क १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हर स्वतःलाच फोन लावत बसे. होस्टनेमची प्रॉपर्टी बदलली, पोर्ट ठरावीक केलं, तरी फायरवॉल मध्ये उभीच. कॉल एचटीटीपीच्या पोस्ट विनंतीत गुंडाळून नेण्याची सोय आरएमआयमध्ये होती. पण ती क्लायंटकडून सर्व्हरकडे जाण्यापुरती, कॉलबॅकला तिचा उपयोग शून्य. जावाच्या जेडीके ८ या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद ठेवली गेली आणि ९ मध्ये काढूनच टाकली. ब्राउझरांनीही पाठ फिरवली: क्रोमच्या ४५व्या आवृत्तीने २०१५ मध्ये जुन्या प्लगइनांचा आधार काढला, तिथे ॲपलेटचा विषय संपला. आजही कुणाकडे अशी जुनी प्रणाली असेल तर फायरवॉलमध्ये पोर्टं उघडत बसू नका. कॉलबॅकची दिशा उलटवा, म्हणजे क्लायंटनेच कनेक्शन उघडून वाट पाहायची. दुसरं काही टिकत नाही.

कोणता आकडा कुणाचा

६० सेकंद आले तर आधी आपलंच घर तपासा. एनजिनेक्स या प्रॉक्सीचा, म्हणजे सर्व्हरसमोरच्या मध्यस्थाचा, प्रॉक्सी-रीड-टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो, ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) आयडल टाइमआउटही, म्हणजे शांततेची मर्यादाही, तेवढाच. माझ्या अनुभवात "ग्राहकाची फायरवॉल खराब आहे" अशा तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा सापडलेला गुन्हेगार हाच, आपल्याच सर्व्हरसमोर आपणच बसवलेला एनजिनेक्स. विकसकाच्या मशीनवर तो नसतो, म्हणून तिथे काही घडत नाही.

४ मिनिटं आली तर अझ्युअरचा लोड बॅलन्सर. त्याचा मूळ आयडल टाइमआउट तेवढा आहे. ३५० सेकंद हा ॲमेझॉनच्या नॅट (आतले खासगी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारं) गेटवेचा आणि नेटवर्क लोड बॅलन्सरचा आकडा, म्हणून शिडीत मुद्दाम ३६० ठेवलं आहे. १० मिनिटं ही गूगल क्लाउडच्या फायरवॉलची निष्क्रिय कनेक्शन विसरण्याची वेळ. कॉलचा ओघ चालू असूनही बरोबर ३० सेकंदांनी तुटत असेल आणि पुढे गूगल क्लाउडचा क्लासिक एचटीटीपी लोड बॅलन्सर असेल, तर बॅकएंड सर्व्हिसचा टाइमआउट पाहा. तो मुळात ३० सेकंदांचा असतो आणि वेबसॉकेटच्या (ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये उघडी राहणारी दुतर्फा वाट) बाबतीत शांतता न मोजता कनेक्शनचं एकूण आयुष्य मोजतो. इथे हार्टबीट कितीही पाठवा, फरक पडणार नाही. तो आकडाच वाढवावा लागतो.

घरगुती राउटर आणि कार्यालयीन फायरवॉल यांचं काही सांगता येत नाही. आरएफसी ५३८२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज म्हणतो की नॅटने जुळलेलं टीसीपी कनेक्शन निदान २ तास ४ मिनिटं लक्षात ठेवावं. हा विचित्र आकडा आला कुठून? टीसीपीचा कीप-अलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा संदेश) बहुतेक ठिकाणी २ तासांनी पहिल्यांदा जागा होतो, त्याला थोडी सवड म्हणून. पण कित्येक उपकरणं हा सल्ला पाळत नाहीत. उलट बाजूला लिनक्सचा कनेक्शन-ट्रॅकर जुळलेलं कनेक्शन मुळात ५ दिवस धरून ठेवतो. म्हणजे एकाच वाटेवर एक उपकरण पाच मिनिटांत विसरणारं आणि दुसरं पाच दिवस न विसरणारं. तुमच्या पदरी पडतं ते सगळ्यात विसराळू उपकरण.

आणि म्हणूनच "आमचं टीसीपी कीप-अलाइव्ह चालू आहे" हे उत्तर ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारतो: किती वेळाने? लिनक्सवर न बदलता ठेवलं तर ७२०० सेकंदांनी. तोवर कनेक्शन केव्हाच मेलेलं असतं.

"पाठवलं" हा लॉग विश्वासाचा नाही

समजा मधल्या फायरवॉलने नोंद पुसली. सर्व्हरला काय दिसतं? काहीच नाही. तो पुढचा कॉलबॅक सॉकेटवर लिहितो, ऑपरेटिंग सिस्टिम ते बाइट आपल्या बफरमध्ये घेते आणि "झालं" म्हणून परत फिरते. तुमचा लॉग अभिमानाने छापतो: कॉलबॅक पाठवला. मग पोच येत नाही म्हणून टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पाठवतं, दर वेळी जास्त थांबून. लिनक्सच्या मूळ मांडणीत अशा १५ प्रयत्नांनंतर ते हार मानतं, म्हणजे साधारण पंधरा मिनिटांनी. तोवर सर्व्हरच्या यादीत तो ब्राउझर जिवंत, त्याला कॉलवर कॉल जात राहतात, आणि एरर येते तेव्हा तिचा मूळ घटनेशी संबंध लावणं कठीण होऊन बसतं.

ब्राउझरची अवस्था याहून वाईट. तो नुसता ऐकत बसलाय, काही पाठवतच नाही, त्यामुळे त्याला कधीच काही कळत नाही. कनेक्शनची अवस्था "उघडं" दाखवत राहते. कधीकधी क्लोज कोड १००६ मिळतो. त्यावर लोक तासन्‌तास शोध घेतात. शोधू नका. १००६ हा कोड कुणी पाठवत नाही, तारेवरून तो कधीच जात नाही. निरोप न घेता कनेक्शन गेलं एवढंच ब्राउझर त्यातून स्वतःशी म्हणतो.

खात्री करायची तर दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट पकडा. सर्व्हरवर टीसीपीडंप, ग्राहकाच्या मशीनवर वायरशार्क. सर्व्हरकडून तेच पॅकेट पुन्हापुन्हा निघतंय आणि तिकडे एकही पोहोचत नाही, तर मधल्या कुणीतरी गपचूप टाकलं. दोन्ही बाजूंना समोरून रीसेट आल्यासारखं दिसतंय आणि पाठवला मात्र कुणीच नाही, तर मधल्या उपकरणाने दोघांच्या नावाने तो घडवला. व्यवस्थित समारोपाचं पॅकेट आलं तर तो कुठल्या तरी प्रॉक्सीचा सभ्य टाइमआउट. या तीन चित्रांपैकी एक हातात असल्याशिवाय नेटवर्कवाल्यांकडे जाऊ नका. असेल तर ते तुमचं नक्की ऐकतात, कारण मग वाद "चालत नाही"चा उरत नाही.

उपाय हार्टबीट, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते कुणी कुणाला पाठवायचं यात. वेबसॉकेटच्या प्रमाणकात पिंग आणि पाँग अशा फ्रेम आहेत. सर्व्हरने पिंग पाठवला की ब्राउझर आपोआप पाँग देतो, त्यामुळे फायरवॉलमधली नोंद ताजी राहते आणि सर्व्हरला मेलेला ब्राउझर ओळखता येतो. पण पानावरच्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवताही येत नाही आणि आलेला दिसतही नाही. म्हणून ब्राउझरला कळावं असं वाटत असेल तर साध्या संदेशाच्या रूपात वेगळा हार्टबीट ठेवा: सर्व्हरकडून दर २० सेकंदांनी एक छोटा कॉल, आणि ५० सेकंदांत एकही आला नाही तर पानाने स्वतःच कनेक्शन बंद करून नवं उघडायचं. अशा कॉलसाठीच्या लायब्ऱ्यांपैकी सिग्नलआर १५ सेकंदांचा अंतराल आणि ३० सेकंदांची सहनशक्ती धरतो, सॉकेट-आयओची चौथी आवृत्ती २५ आणि २०. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. ६० सेकंदांच्या टाइमआउटखाली दोन हार्टबीट बसले पाहिजेत, म्हणजे एखादा उशिरा पोहोचला तरी निभावतं.

एक पोटशूळ राहतोच. टॅब मागे गेला की क्रोम पानाचे टायमर मंदावतो, आणि पाच मिनिटांहून जास्त मागे राहिलेल्या पानाचे काही टायमर मिनिटाला एकदाच जागे होतात. तुमचा हार्टबीट ब्राउझरच्या टायमरवर चालत असेल तर तो नेमका ६० सेकंदांच्या कड्यावर जाऊन बसतो. चाचणी करताना टॅब समोर असतो, वापरणाऱ्याचा टॅब मागे असतो; म्हणून हा दोष तुम्हाला कधीच सापडत नाही. हार्टबीटचा पुढाकार सर्व्हरकडे द्या.

सुरुवातीलाच चालत नाही तेव्हा

शिडीची पहिली पायरीही चढता येत नसेल, तर बहुतेक वेळा वेबसॉकेटची बोलणीच फिसकटलेली असतात. ब्राउझर साधी एचटीटीपी विनंती पाठवून "अपग्रेड करूया का?" असं विचारतो आणि १०१ उत्तराची अपेक्षा करतो. अपग्रेड हे हेडर एका टप्प्यापुरतं असतं, प्रॉक्सी ते आपोआप पुढे नेत नाही. एनजिनेक्समध्ये एचटीटीपीची १.१ आवृत्ती आणि अपग्रेड व कनेक्शन ही दोन हेडरं हाताने लिहावी लागतात. विसरलात तर सर्व्हरला नुसतीच साधी विनंती दिसते आणि तो २०० किंवा ४०० देऊन मोकळा होतो.

ग्राहकाच्या बाजूच्या प्रॉक्सीवर आपलं काही चालत नाही, पण टीएलएस, म्हणजे गुप्त केलेलं कनेक्शन, वापरलं तर तिला आत डोकावता येत नाही आणि ४४३ पोर्टावरून सगळं बिनबोभाट जातं. टीएलएसशिवाय वेबसॉकेट चालवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. अपवाद अशा संस्थांचा, जिथे प्रॉक्सी स्वतःचं प्रमाणपत्र लावून टीएलएस उघडून पाहते. तिथे अपग्रेड गाळलं जाण्याची शक्यता पुन्हा उभी राहते. ओळखायला सोपं आहे: ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपावर किंवा साइटच्या माहितीच्या चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कुणी दिलंय ते पाहा. तुमच्या साइटचं प्रमाणपत्र देणाऱ्याऐवजी ग्राहकाच्याच संस्थेचं नाव दिसलं तर समजून जा.

तिथे सर्व्हर-सेंट इव्हेंट (एकच उत्तर न संपवता सर्व्हर त्यातून संदेश पाठवत राहतो) वापरून पाहण्याचा मोह होतो, कारण ते साधं एचटीटीपी. पण एखादी प्रॉक्सी उत्तर पूर्ण होईपर्यंत साठवून ठेवते, आणि इव्हेंटचं उत्तर तर कधी पूर्ण होतच नाही. लक्षण ठळक असतं: बराच वेळ काही नाही, मग वीस कॉलबॅक एकदम कोसळतात. साठवण तुमच्याच एनजिनेक्समध्ये असेल तर बफरिंग बंद करा किंवा उत्तरात एक्स-ॲक्सेल-बफरिंगला "नो" लिहा, आणि त्या मार्गावर जीझिप, म्हणजे उत्तर आवळून पाठवणं, लावू नका. कर्ल या कमांडला बफर न करण्याचा पर्याय देऊन बाहेरून पाहिलं की ओळी एकेक येतात की घोळक्याने, ते लगेच दिसतं. साठवण ग्राहकाकडे असेल तर लाँग पोलिंगला (ब्राउझरने विनंती पाठवायची आणि सांगण्यासारखं काही होईपर्यंत सर्व्हरने ती धरून ठेवायची) पर्याय नाही. त्याला जुनाट म्हणून नाकं मुरडतात, पण प्रत्येक कॉलबॅकबरोबर उत्तर पूर्ण होतं, त्यामुळे साठवणाऱ्या प्रॉक्सीलाही ते सोडावंच लागतं. विनंती ३० सेकंदांच्या आसपास रिकामी परत पाठवा. आरएफसी ६२०२ मध्येही तेवढाच वेळ सुरक्षित मानला आहे.

आणखी एक, अगदी वेगळं लक्षण: सहा टॅब चालतात, सातवा लटकतो. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टकडे सहाच कनेक्शनं उघडतो आणि इव्हेंटचा प्रत्येक प्रवाह त्यातलं एक अडवून बसतो. एचटीटीपी २ चालू करा, संपलं.

जेव्हा फायरवॉल निर्दोष असते

आकडे दर वेळी वेगळे येतात, पॅकेटही नीट पोहोचतात, तरी कॉल अडकतो. इथे मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर.

ब्राउझरने सर्व्हरची "जतन करा" ही मेथड कॉल केली. त्या मेथडच्या आत सर्व्हरने ब्राउझरला उलट विचारलं, "आधीचं पुसून टाकू का?" आणि उत्तराची वाट पाहत थांबला. ब्राउझरने उत्तर लगेच दिलं. पण त्या कनेक्शनवरचे संदेश सर्व्हर एकामागून एक हाताळतो, आणि पहिला संदेश, म्हणजे "जतन करा", अजून संपलेला नाही. उत्तर रांगेत पडून राहिलं. सर्व्हर उत्तरासाठी थांबलेला, उत्तर सर्व्हरसाठी. अखेर टाइमआउट होतो आणि बाहेरून हुबेहूब फायरवॉलने अडवल्यासारखं दिसतं. कधीकधीच घडतं, कारण उलट प्रश्न विचारण्याची वेळ कधीकधीच येते. सिग्नलआरमध्ये एका क्लायंटचे एका वेळी किती कॉल चालावेत याची मर्यादा मुळात १ आहे, तिथे तर हा सापळा तयारच असतो. मर्यादा वाढवता येते. मी मात्र मेथडच्या आत थांबणंच टाळतो. "जतन करा" लगेच "पुष्टी हवी" असं उत्तर देऊन संपतं, आणि पुष्टी हा नवा कॉल होतो.

याचंच एक भावंड: दोन्ही बाजू आपापल्या कॉलना १ पासून क्रमांक देतात आणि उत्तर जुळवताना कोड फक्त क्रमांक बघतो. ब्राउझरच्या ७ व्या कॉलचं उत्तर आणि सर्व्हरचा ७ वा कॉल यांची सरमिसळ होते. जेसन-आरपीसी या कॉलच्या संदेशांच्या प्रमाणकाच्या २.० आवृत्तीत मेथडचं नाव असलेला संदेश म्हणजे कॉल आणि निकाल किंवा एरर असलेला संदेश म्हणजे उत्तर, असा फरक स्पष्ट आहे. तो आधी तपासा, क्रमांक नंतर. क्रमांकच नसलेला संदेश ही निव्वळ सूचना असते, तिला उत्तर येत नाही. अशा सूचनेची वाट पाहत बसलेला कोडही मी पाहिला आहे.

सर्व्हर एकाहून जास्त असतील तर हेही बघून घ्या की ब्राउझर जोडलेला आहे पहिल्या सर्व्हरला आणि घटना घडतेय दुसऱ्यावर. दुसऱ्याच्या यादीत तो ब्राउझर नाही, त्यामुळे कॉलबॅक शांतपणे गळतो. दोन सर्व्हर असतील तर साधारण निम्मे कॉल हरवतात. असं प्रमाण दिसलं की फायरवॉलचा विचार सोडून सर्व्हरांमध्ये रेडिससारखा संदेशवाहक टाका.

इतकं करूनही कनेक्शनं तुटणारच: लॅपटॉप झोपतो, वायफाय बदलतो, नवी आवृत्ती चढवली जाते. तेव्हा प्रत्येक कॉलबॅकला सर्व्हरने चढता सीक्वेन्स नंबर द्यावा आणि शेवटचे काहीशे कॉल जपून ठेवावेत. पुन्हा जोडताना ब्राउझर सांगतो, "माझ्याकडे ४१२ पर्यंत आलंय", सर्व्हर ४१३ पासून पाठवतो. सर्व्हर-सेंट इव्हेंटमध्ये ब्राउझर हे लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमधून स्वतःहून सांगतो. वेबसॉकेटवर ते तुम्हालाच लिहावं लागतं. ४१२ वा कॉल पोहोचला पण त्याची पोच हरवली, असंही होतं, म्हणून तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर मेथड पुन्हा न चालवता फक्त पोच द्यायची. आणि पुन्हा जोडण्याच्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे ब्राउझर एकाच सेकंदाला दारात येऊन उभे राहतात, आणि मग वेगळीच तक्रार सुरू होते.